धानाची बांधी आणि मूत्रपिंडाची गाळणी

मूत्रपिंड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक मुतखडा आणि दुसरी डायलिसिस. पहिल्यात पोटात कळा येतात आणि दुसरीत घरदार विकायची वेळ येते. पण या दोहोंच्या पलीकडे हा अवयव रोज, रात्रंदिवस काय करतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आज मी त्यातल्या एकाच कामाविषयी बोलणार आहे. रक्तदाब दिवसभरात कितीतरी वेळा वरखाली होतो. मग रक्त गाळण्याचा मूत्रपिंडाचा वेग एकसारखा कसा राहतो? आणि साऱ्या शरीराच्या रक्तदाबाची किल्ली या गाळणीच्या हाती कशी आली?

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडायला माणसे पहाटेच जंगलात जातात. जुलै-ऑगस्टमध्ये बायाबापड्या दिवसभर कमरेत वाकून रोवणा करतात. संध्याकाळी अंग ठणकते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक गोळी आणून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतात. त्या एका गोळीचा आणि मी सांगणार आहे त्या यंत्रणेचा थेट संबंध आहे. म्हणून आधी यंत्रणा समजून घेऊ.

दिवसाला बारा डबे

एका मूत्रपिंडाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. आकार आपल्या मुठीएवढा. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. पण हृदय दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त बाहेर ढकलते, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा या दोन मुठींकडे जातो. तेथे रक्तातून दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर पाणी गाळले जाते. दिवसाचा हिशेब केला तर १८० लिटर. पंधरा लिटरचे तेलाचे डबे मोजले तर बरोबर बारा डबे! त्याबरोबर सुमारे दीड किलो मीठही गाळले जाते.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर दिवसाला दीड-दोन लिटरच लघवी करतो. बाकीचे पाणी गेले कुठे? तर ते परत घेतले जाते. गाळलेल्या पाण्यापैकी ९९ टक्के पाणी आणि जवळजवळ सगळे मीठ मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या पुन्हा रक्तात शोषून घेतात. म्हणजे घरातले सगळे सामान आधी अंगणात काढायचे, कचरा बाजूला ठेवायचा आणि कामाचे तेवढे परत आत न्यायचे, असा हा प्रकार आहे.

यात एक धोका दडलेला आहे. समजा, रक्तदाब चौथ्या हिश्शाने वाढला आणि गाळण्याचा वेगही तेवढाच वाढला, तर १८० लिटरऐवजी २२५ लिटर पाणी गाळले जाईल. परत शोषण्याचे काम पूर्वीइतकेच राहिले, तर दिवसाला ४५ लिटरहून जास्त लघवी होईल. आपल्या शरीरात रक्तच मुळी पाच लिटर! जिना चढताना, भांडताना, रागावताना रक्तदाब वाढतो. तेवढ्यानेही माणूस कोरडा पडून मेला असता. तसे होत नाही, कारण सरासरी दाब साधारण ८० पासून १६० पर्यंत कुठेही असला, तरी निरोगी मूत्रपिंड गाळण्याचा वेग जवळपास तोच ठेवते.

धुऱ्याच्या दोन वाटा

हे कसे साधते ते आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. भंडारा-गोंदियात जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांचे ते कसब. तलावाच्या तुडुमातून पाणी पाटात येते आणि पाटातून बांधीत. धानाच्या बांधीत पाणी किती उभे ठेवायचे, हे शेतकरी कसे ठरवतो? त्याच्या हातात दोन वाटा असतात. धुऱ्याला वरच्या बाजूने पाणी आत येण्याची एक आणि खालच्या बाजूने बाहेर जाण्याची दुसरी. पाटाला पाणी फार आले तर तो वरची वाट लहान करतो. पाणी कमी पडले तर वरची मोकळी करतो आणि खालची बुजवतो. बांधीतले पाणी हलत नाही.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या आहेत. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. ती आपली बांधी. गुच्छात रक्त आणणारी एक धमनिका असते आणि गुच्छातून रक्त बाहेर नेणारी दुसरी. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या पुढे शीर लागते. येथे मात्र दोन्ही बाजूंना आकुंचन पावू शकणाऱ्या धमनिका आहेत. गुच्छातला दाब राखण्याचे सगळे रहस्य या दोन वाटांमध्ये आहे.

आता त्या वाटा कोण लहानमोठ्या करते? पहिली युक्ती अगदी साधी. दाब वाढून आत येणारी धमनिका ताणली गेली की तिच्या भिंतीतले स्नायू आपोआप आवळतात. दाब कमी झाला की सैल पडतात. मेंदूला विचारण्याची गरज नाही आणि मज्जातंतूंचीही नाही. रक्तवाहिनीचा हा गुण इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये मांडला. हे काम काही सेकंदांत होते.

दुसरी युक्ती जास्त चतुर आहे. प्रत्येक नेफ्रॉनची नळी खाली खोल जाऊन, वळसा घेऊन, पुन्हा आपल्याच गुच्छापाशी परत येते आणि त्या दोन धमनिकांच्या मधे टेकते. तेथे नळीच्या भिंतीत दाट पेशींचा एक ठिपका असतो. या पेशी नळीतून वाहणाऱ्या पाण्यातले मीठ मोजतात. मीठ जास्त आले, याचा अर्थ वर गाळणे फार जोरात चालू आहे. लगेच तेथून रासायनिक निरोप जातो आणि आत येणारी धमनिका आवळली जाते. मीठ कमी आले, तर ती सैल सोडली जाते. पाटाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाने पाणी पाहून वरच्या पाटकऱ्याला हाक मारावी, ‘कमी कर रे,’ असाच हा प्रकार. असे दहा लाख पाटकरी एका मूत्रपिंडात आहेत, आणि प्रत्येक जण फक्त आपापली बांधी सांभाळतो.

तलावाचीच पातळी वाढवणारी बांधी

येथवर आपली उपमा ठीक चालते. पुढे मात्र ती तुटते. कारण बांधीला पाणी कमी पडले, तर शेतकरी तलावाची पातळी काही वाढवू शकत नाही. मूत्रपिंड ते करू शकते.

हे प्रथम लक्षात आले १८९८ मध्ये. स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टायगरस्टेड आणि त्यांचे विद्यार्थी पेर बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला. त्याचा रक्तदाब चढला. अर्कातल्या या पदार्थाला त्यांनी रेनिन हे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे या शोधाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने अर्धवट आवळली. रक्त कमी मिळालेल्या त्या मूत्रपिंडाने साऱ्या शरीराचा रक्तदाब वाढवून दाखवला. तेव्हा कुठे रेनिनची आठवण झाली.

ही साखळी अशी आहे. गुच्छाकडे येणाऱ्या धमनिकेच्या भिंतीत रेनिन बनवणाऱ्या पेशी असतात. दाब कमी झाला, किंवा नळीतल्या त्या ठिपक्याने मीठ कमी असल्याचे कळवले, की त्या रेनिन सोडतात. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा रेनिन तोडते. त्या तुकड्यावर मुख्यतः फुफ्फुसांतल्या एका विकराची कात्री चालते आणि अँजिओटेन्सिन-दोन तयार होते. हा पदार्थ एकाच वेळी अनेक कामे करतो. शरीरभरच्या धमनिका आवळतो. अॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावून मीठ राखून ठेवतो. तहान लावतो. आणि मूत्रपिंडात तो बाहेर जाणारी धमनिका विशेष करून आवळतो, म्हणजे खालची वाट बुजवतो. रक्त कमी असले तरी गुच्छातला दाब टिकतो आणि गाळणे चालू राहते.

जखमेतून रक्त गेले, हगवण लागली, उन्हात घाम गळून अंगातले पाणी कमी झाले, तर याच यंत्रणेच्या जोरावर आपण वाचतो.

मग रक्तदाबाचा आजार का होतो?

दाब वाढला की मूत्रपिंडाने जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकावे, आणि दाब पुन्हा उतरावा, हा निसर्गाचा नियम. ज्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला आहे, त्याच्या मूत्रपिंडाने हा हिशेबच वरच्या पातळीवर नेऊन ठेवलेला असतो. १६० च्या दाबाला ते नेहमीचा दाब समजते आणि त्याखाली मीठ बाहेर सोडायला तयार होत नाही. आहारात मीठ जास्त असेल तर हे ओझे आणखी वाढते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचमचाभर मीठ पुरे म्हणते. आपल्याकडे भातात मीठ नसते हे खरे. पण सोबतचे लोणचे, पापड आणि सुकी मासळी ती कसर भरून काढतात. सैंधव घेतले म्हणजे चालते, असेही नाही. तेही सोडियमच.

चढलेल्या दाबाने आत येणाऱ्या धमनिका हळूहळू जाड आणि कडक होतात. मग त्यांना वेळेवर आवळता-सैलावता येत नाही. काही गुच्छ सुकून जातात. उरलेल्यांवर कामाचा भार वाढतो आणि तेही थकतात. मधुमेहात याच्या उलट वाटेने तोच शेवट येतो. त्यात आत येणारी वाट मोकळी पडते, गुच्छात दाब वाढतो आणि सुरुवातीला गाळण्याचा वेग चक्क जास्त असतो. पुढे गाळणीची जाळी फाटते आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.

या सगळ्यात दुखत काहीच नाही. माझ्याकडे येणारी माणसे अगदी सरळ विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, मले काहीच तरास नाही जी, मंग रोज रोज गोळी कायले खाऊ?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच की, त्रास होऊ लागतो तोवर अर्ध्याहून जास्त गाळण्या गेलेल्या असतात. क्रिएटिनिन नावाची रक्ततपासणीसुद्धा गाळण्याचा वेग बराच उतरेपर्यंत ‘नॉर्मल’ दिसू शकते.

रक्तदाबावरच्या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचेही नाव आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधा मुख्यतः मज्जातंतूंवर काम करते. मूत्रपिंडाच्या साखळीवरचे औषध आले ते ब्राझीलमधल्या एका विषारी सापाकडून. सर्जिओ फेरेरा यांना त्या सापाच्या विषात एक द्रव्य सापडले होते. ते अँजिओटेन्सिन बनवणारी कात्री बोथट करते, हे पुढे कळले. त्या धाग्यावरून कुशमन आणि ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल तयार केले आणि १९८१ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आले. आज ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येते, त्या याच घराण्यातल्या. ‘सार्टन’ने संपणाऱ्या गोळ्या त्यांच्या चुलत बहिणी. त्या खालची वाट थोडी मोकळी करतात. गुच्छातला जास्तीचा दाब उतरतो आणि मधुमेहात गाळणी जास्त वर्षे टिकते.

दुखण्याची गोळी काय करते?

आता त्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गोळीकडे वळू. अंगात पाणी कमी असते तेव्हा अँजिओटेन्सिन आणि मज्जातंतू सगळीकडच्या धमनिका आवळत असतात. त्या आवळण्यात मूत्रपिंडाची वरची वाटही बंद होऊ नये म्हणून मूत्रपिंड स्वतःपुरते एक द्रव्य तयार करते. त्याचे नाव प्रोस्टाग्लँडिन. ते आत येणारी धमनिका मोकळी ठेवते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या दुखणे थांबवतात ते प्रोस्टाग्लँडिन बनू न देऊनच. गुडघ्यातले बनत नाही, तसे मूत्रपिंडातलेही बनत नाही.

भरपूर पाणी प्यायलेल्या धडधाकट माणसाने एखादी गोळी घेतली, तर बहुधा काही बिघडत नाही. कारण त्या वेळी त्याचे मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबून नसते. पण ४५ अंशांच्या उन्हात दिवस काढलेल्या, लघवी गडद पिवळी झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याची वरची वाट याच द्रव्यामुळे उघडी असते. गोळीने ती बंद होते.

त्यातही सर्वांत धोक्याचा योग तीन गोळ्यांचा. रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ चालू आहे, सोबत लघवी वाढवणारी गोळी आहे आणि त्यावर दुखण्याची गोळी घेतली. लघवीच्या गोळीने पाटातले पाणी कमी केले. दुखण्याच्या गोळीने वरची वाट बुजवली. पहिल्या गोळीने खालची वाट उघडी ठेवली. बांधी कोरडी पडणार नाही तर काय होईल? यातली प्रत्येक गोळी आपल्या जागी उपयोगी आहे. घात करते ती त्यांची संगत, आणि तीही अंगात पाणी नसताना.

या औषधाचा सर्वांत भीषण पुरावा माणसांत नव्हे, गिधाडांत सापडला. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे पटापट मरू लागली. कारण कळेना. २००४ मध्ये सिद्ध झाले की, डायक्लोफेनॅक दिलेल्या गुराढोरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. गिधाडाचे शरीर त्या औषधापुढे माणसाहून कितीतरी दुबळे, हे खरे. माणूस एका गोळीने तसा मरत नाही. पण आपण किराण्याबरोबर जी गोळी आणतो ती किती जोरकस आहे, एवढे तरी यावरून कळावे.

सिकलसेलच्या घरात जास्त जपायला हवे

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणी वाढली आहे. या आजारात मूत्रपिंडाचे वेगळेच दुखणे असते, आणि ते घरच्यांना माहीत नसते.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार दाट असतात. तेथे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. त्यामुळे पाणी परत शोषून लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच कमी होते. तहानेने जीव कासावीस असला तरी पातळ लघवी होतच राहते. मूल रात्री अंथरूण ओले करते आणि घरचे त्याला रागावतात. खरे तर ते मूल आळशी नसते, त्याचे मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नसते. या मुलांत सुरुवातीची काही वर्षे गाळण्याचा वेग नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे क्रिएटिनिन फारच चांगले दिसते आणि आपण निर्धास्त होतो. या रुग्णांचा रक्तदाबही इतरांपेक्षा थोडा कमीच असतो. म्हणून इतरांना बरा वाटणारा आकडा त्यांच्यासाठी चढलेला असू शकतो. आणि याच रुग्णांना सांधे-हाडे दुखण्याचे झटके येतात म्हणून दुखण्याच्या गोळ्या वारंवार लागतात. त्यांनी गोळी कोणती आणि किती घ्यायची, हे दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारावे. दर वर्षी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी करून घ्यावी आणि पाणी सोबत ठेवावे. शाळेतल्या गुरुजींनीही अशा मुलाला लघवीला जाण्यासाठी अडवू नये.

काय करावे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. आरोग्य उपकेंद्रात तो मोजला जातो. रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर दर वर्षी दोन तपासण्या कराव्यात. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन. क्रिएटिनिनच्या आकड्यावरून वयाप्रमाणे गाळण्याचा वेग किती येतो, हेही डॉक्टरांना विचारावे. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी तपासणी करतात, तेव्हा क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसते. खालची वाट मोकळी झाल्याचे ते लक्षण असते. घाबरून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. उलट हगवण, उलट्या किंवा लंघन चालू असेल, तेव्हा हीच गोळी दोन-चार दिवस थांबवावी लागू शकते. त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून विचारावे.

रोवण्याच्या किंवा तेंदूच्या दिवसांत अंग दुखले, तर आधी पाणी, पेज, मठ्ठा घ्यावा आणि विश्रांती घ्यावी. गोळी लागलीच तर योग्य प्रमाणात पॅरासिटॅमॉल मूत्रपिंडाला त्यातल्या त्यात सोसते. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल, तर तेही विचारूनच. ज्यांना डॉक्टरांनी आधीच पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र त्यांचाच हिशेब पाळावा.

२०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. सोय वाढली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या मजुराने आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला बांधून घेणे म्हणजे त्याच्या घरची चूल अर्धी विझणे. डायलिसिस मोफत मिळाले तरी बुडालेली मजुरी आणि बसभाडे कोणी देत नाही. दुकानात दुखण्याची गोळी मागताना आपल्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, एवढे एक वाक्य आधी सांगितले, तरी यातले काही जण त्या यंत्रापर्यंत पोचणार नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)